अली भारी का टायसन? आधी जोड तर लागू दे

यात्रेच्या मैदानात मोठ्या कुस्त्या लागायला अवकाश असतो, ऊन डोक्यावर असतं, तेव्हा लहान पोरांच्या जोडी लावायचं काम चालतं. बेळगावजवळच्या येळ्ळूरला बघा, नाहीतर खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात बघा, पद्धत तीच. लांग चढवलेलं पोरगं हात वर करून आखाड्याला फेरी मारतं. समोरून तसंच दुसरं येतं. जोड लावणारा जुना पैलवान दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतो. खांदे बघतो, दंड दाबून बघतो, मग कानाकडे नजर टाकतो, कारण मोडलेला कान म्हणजे पोरगं मातीत बरंच घोळलेलं. एवढं झाल्यावर "ही बसत नाही" म्हणून एकाला बाजूला काढतो, नाहीतर दोघांच्या हातात माती देतो.

अशाच एका मैदानात भाच्यानं मला विचारलं, "मामा, अली आणि टायसन लागले असते तर कोण पडलं असतं? सांगा की."

मुहम्मद अली आणि माइक टायसन, अमेरिकेचे दोन जुने बॉक्सिंग जगज्जेते. हा प्रश्न सध्या सगळ्याच पोरांच्या तोंडी आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात ५८ वर्षांचा माइक टायसन यूट्यूबमुळे नाव झालेल्या २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उतरला आणि आठ फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. पुढच्या मार्चमध्ये जॉर्ज फोरमन हा जुना जगज्जेता वारला. तेव्हापासून जुन्या लढतींच्या चित्रफिती मोबाइलवर फिरायला लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग हे वाद.

मी भाच्याला लगेच उत्तर दिलं नाही. त्या जोड लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. आपल्यालाही तेच करायचं होतं, फक्त आपले दोन गडी वेगवेगळ्या काळातले होते.

हेवीवेट म्हणजे किती वजन?

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. हेवीवेट हा सगळ्यात वरचा गट. याला खालची मर्यादा आहे, वरची नाही. आज ही खालची मर्यादा २०० पौंड, म्हणजे साधारण ९१ किलो. पूर्वी ती १७५ पौंड, म्हणजे ७९ किलो होती. मधला क्रूझरवेट हा गट १९८० च्या सुमारास आला, तोवर ७९ किलोच्या वरचा प्रत्येक जण हेवीवेटच.

एवढ्या एका गोष्टीनं अर्धे वाद सुरू होतात. रॉकी मार्सियानो १९५२ ते १९५६ जगज्जेता होता. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउटने. म्हणजे समोरचा दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही, किंवा लढतच थांबवावी लागली. पण त्याचं वजन ८४ किलोच्या आसपास. आजच्या काट्यावर उभा केला तर तो क्रूझरवेटचा गडी. दुसऱ्या बाजूला टायसन फ्युरी (हा ब्रिटनचा बॉक्सर, आपला माइक टायसन नव्हे) डिसेंबर २०२४ मध्ये २८१ पौंडांनी, म्हणजे १२७ किलोंनी रिंगमध्ये आला. दोघांत ४३ किलोंचा फरक. बासमतीची पंचवीस किलोंची जवळजवळ दोन पोती. आपला म्हातारा ही जोड बघून मान हलवेल.

वजनाइतकाच महत्त्वाचा पल्ला. दोन्ही हात आडवे पसरल्यावर या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पल्ला. मुहम्मद अलीचा ७८ इंच, टायसनचा ७१, मार्सियानोचा ६८. पल्ला मोठा असेल तर लांबून मारता येतं, लहान असेल तर आत शिरावंच लागतं, आणि आत शिरताना खावं लागतं.

कुठल्या सालातला अली?

पोरं नुसतं "अली" म्हणतात तेव्हा मी विचारतो, कुठल्या सालातला?

१९६६-६७ चा अली पायावर नाचणारा. हात खाली सोडून, फक्त मान मागे घेऊन ठोसा चुकवायचा. मग व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्यानं नकार दिला, आणि मार्च १९६७ पासून ऑक्टोबर १९७० पर्यंत त्याला लढूच दिलं नाही. वयाची २५ ते २८ ही वर्षं. कुठल्याही तालमीत विचारा, पैलवानाची भरात असण्याची वर्षं ती हीच. परत आला तो दुसरा अली. पाय मंदावलेले, पण मार खाऊन उभं राहण्याची ताकद आणि डोकं मात्र आणखी धारदार. १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात फोरमनला हरवणारा अली हा दुसरा. आणि १९८० मध्ये लॅरी होम्सपुढे उभा राहिलेला तिसरा अली तर बघवत नाही.

टायसनचंही तसंच. नोव्हेंबर १९८६ मध्ये विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला, आजवरचा सगळ्यात तरुण हेवीवेट जगज्जेता. १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला त्यानं ९१ सेकंदांत झोपवलं. पण फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला दहाव्या फेरीत पाडलं, आणि १९८८ चा टायसन पुन्हा दिसला नाही. म्हणून तुलना करताना साल ठरवायचं. मी दोघांचं सगळ्यात चांगलं साल घेतो: अली १९६६ चा, टायसन १९८८ चा.

माती की मॅट?

नियम आणि जागा बदलली की निकाल कसा बदलतो, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण बॉक्सिंगमधलं नाही, आपल्या कुस्तीतलं आहे. १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेला आणि पोलंडच्या झिबिस्कोशी लढला. झिबिस्को मॅटला चिकटून पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळ्याच्या मातीत तेच दोघे पुन्हा भिडले. गामानं एका मिनिटाच्या आत त्याला चितपट केलं. माणसं तीच. वयं दोघांची वाढलेली. पण खालची जमीन बदललेली, डावाचे नियम बदललेले. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात घडलेलं पोरगं पहिल्यांदा मॅटवर उतरलं की पाय कसे अडखळतात, हे बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

बॉक्सिंगमध्येही अशी जमीन बदलत आलीय. जेस विलार्डनं १९१५ मध्ये हवानात जॅक जॉन्सनला हरवलं ती लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती, निकाल लागला २६ व्या फेरीत. अलीच्या काळात जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची. १९८२ मध्ये कोरियाचा दुक कू किम लढतीनंतर मरण पावला, आणि त्यापुढच्या काही वर्षांत सगळीकडे १२ फेऱ्या झाल्या. फेरी तीन मिनिटांची, म्हणजे ४५ मिनिटांची लढाई ३६ मिनिटांवर आली. ही नऊ मिनिटं कमी वाटतात, पण १२० किलोंचं अंग ओढून नेणाऱ्या माणसाला त्या नऊ मिनिटांतच दम लागतो. आजच्या हेवीवेटना एवढं जड असणं परवडतं, त्यात १२ फेऱ्यांचा वाटा नक्की आहे.

आणखी एक नियम. जॅक डेम्प्सीनं ४ जुलै १९१९ ला टोलेडोत विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. त्या चित्रफितीत डेम्प्सी पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभा दिसतो, आणि विलार्डचा गुडघा जमिनीवरून सुटला रे सुटला की पुन्हा ठोसा. तेव्हा ते चालायचं. पुढे नियम आला की समोरचा पडला तर आधी लांबच्या कोपऱ्यात जायचं, मगच मोजणी सुरू होणार. १९२७ मध्ये शिकागोत जीन टनी पडला, डेम्प्सी सवयीनं तिथंच थांबला, मोजणी उशिरा सुरू झाली. टनीला श्वास घ्यायला जास्तीचे सेकंद मिळाले, तो उठला आणि गुणांवर जिंकला. म्हणून डेम्प्सीला आजच्या कुणासमोर उभं करायचं तर आधी सांगा, १९१९ च्या नियमानं की आजच्या? माझ्या मते १९१९ च्या नियमानं तो आजच्या कुठल्याही दांडग्यालाही घातक ठरला असता. आजच्या नियमानं त्याची निम्मी धार जाते.

"अ"नं "ब"ला पाडलं, "ब"नं "क"ला, मग "अ" "क"ला पाडणारच की!

असा हिशेब सगळेच मांडतात. चूक इथंच होते. तीन नावं घ्या.

मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरनं अलीला हरवलं. पंधराव्या फेरीत डाव्या हुकनं, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशानं, त्याला खाली बसवलंही. जानेवारी १९७३ मध्ये फोरमननं त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. हिशेबानं फोरमन अलीला चिरडणार. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीनं फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं.

केन नॉर्टनची गोष्ट याहून ठळक. १९७३ मध्ये त्यानं अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. पुढच्या वर्षी फोरमननं नॉर्टनला दुसऱ्याच फेरीत संपवलं. तरीही फोरमन अलीपुढे हरला.

याचं कारण असं की बॉक्सिंगमध्ये शिडी नसते. शिडी असती तर वरच्या पायरीवरचा खालच्या प्रत्येकाला हरवता. इथं एकाची पद्धत दुसऱ्याच्या पद्धतीला बाधते. फ्रेझर बुटका, डोकं हलवत आत शिरणारा. अलीला तो जड गेला. पण सरळ पुढे येणारा माणूस फोरमनच्या ठोशाच्या वाटेतच येतो. आणि अलीनं दोरांना टेकून फोरमनला मारू दिलं, मारून मारून त्याचे हात जड झाले तेव्हा उलट मारलं. पैलवान मंडळींना हे सांगावं लागत नाही. ढाक हा डाव मारणारा एखाद्याला सहज लोळवतो आणि त्याच्याहून हलक्या, खालून पट काढणाऱ्यापुढे अडकतो. म्हणून आपला म्हातारा यादी करत बसत नाही, प्रत्येक वेळी दोघांना पाठीला पाठ लावून बघतो.

कॉम्प्युटरला विचारलं तर?

विचारून झालंय. मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन रेडिओ निर्मात्यानं १९६७ मध्ये सगळ्या काळातल्या हेवीवेटची स्पर्धा कॉम्प्युटरवर लावली आणि रेडिओवर तिचं धावतं वर्णन ऐकवलं. मार्सियानो जिंकला. अली तर आधीच जिम जेफ्रीजकडून, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या माणसाकडून, हरला. अली चिडला आणि थेट कोर्टात गेला.

त्यातून १९६९ ची ती विलक्षण गोष्ट घडली. बंदी असलेला २७ वर्षांचा अली आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेला मार्सियानो मायामीत एका बंद स्टुडिओत आले. मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, डोक्याला केसांचा टोप लावला. दोघांनी एकेक मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या कॅमेऱ्यापुढे खेळल्या, वेगवेगळे शेवट चित्रित केले. कोणता शेवट दाखवायचा ते कॉम्प्युटर सांगणार होता. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. आपण जिंकलो की हरलो हे त्याला कळलंच नाही. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत तो तेराव्या फेरीत जिंकताना दिसला.

पण कॉम्प्युटरला कळलं कसं? बॉक्सिंगच्या जाणकारांनी प्रत्येक खेळाडूला वेग, ताकद, चिवटपणा अशा गोष्टींसाठी आकडे दिले होते, ते आकडे आत घातले. म्हणजे जाणकारांचं मतच आत गेलं आणि निकाल बनून बाहेर आलं. जात्यात नाचणी घातली तर नाचणीचंच पीठ पडणार.

आजची गणितं यापेक्षा बरी आहेत. बुद्धिबळातली एलो पद्धत बॉक्सिंगलाही लावतात. जिंकलं की गुण वाढतात, तगड्याला हरवलं तर जास्त वाढतात. पण या पद्धतीला एक कुंपण आहे. तुम्ही तुमच्या काळातल्यांपेक्षा किती पुढे होता, एवढंच ती सांगते. माझ्या आजोबांच्या काळातली शंभर रुपयांची कुस्ती आणि आजची शंभर रुपयांची कुस्ती, आकडा एकच आहे. त्या शंभरात तेव्हा काय यायचं ते आकडा सांगत नाही.

"आताचे गडी मोठे, तेच जिंकणार"

या आक्षेपात दम आहे. आहार, व्यायामाचं शास्त्र, समोरच्याच्या चित्रफिती बघून केलेली तयारी, सगळं सुधारलंय. उंची आणि पल्ला एका हद्दीपलीकडे कौशल्यानं भरून निघत नाहीत, हे मलाही मान्य आहे.

पण नुसत्या आकाराचं उत्तर याच काळात मिळालंय. मे २०२४ मध्ये रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकनं टायसन फ्युरीला हरवलं, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. उसिक ६ फूट ३ इंच, फ्युरी ६ फूट ९ इंच. पहिल्या लढतीत वजनात १८ किलोंचा फरक, दुसऱ्यात २५. आणि उसिक मूळचा क्रूझरवेटचा. त्याची उंची अलीइतकीच, वजन १९७४ च्या अलीपेक्षा चारेक किलो जास्त. भरातल्या अलीला आजच्या हेवीवेटमध्ये जागा नसती असं म्हणणाऱ्यांनी उसिकचे पाय बघावेत.

"जुनी हाडंच वेगळी होती"

हा दुसऱ्या टोकाचा आक्षेप, माझ्या वयाच्या लोकांचा. वस्तादांचा तर आवडता. जुने लोक जास्त वेळा लढायचे, जास्त सोसायचे, हे खरं. पण जुन्या काळातला प्रत्येक विजेता त्या काळातला सर्वोत्तम होता का? नाही. १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय जगज्जेता हरला आणि १९३७ मध्ये जो लुई हा दुसरा कृष्णवर्णीय जिंकला, या मधल्या बावीस वर्षांत एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिलं नाही. हॅरी विल्स डेम्प्सीशी लढण्यासाठी वर्षानुवर्षं थांबला, ती लढत झालीच नाही. जोड न लावताच ज्यांना बाजूला काढलं, त्यांची ताकद आपण कुठल्या गणितात धरणार? मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त सलतं ते हेच.

उलट बाजूनं, जुन्या चित्रफिती बघून हसू नका एवढं पोरांना सांगतो. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं. तीच फीत नंतर चोवीसच्या वेगानं चालवली की माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी झटके देत पळतात. ते तसे लढत नव्हते.

दोन काळ खरोखर भिडले तेव्हा

कल्पनेची गरज नसलेल्या काही लढती आहेत. ऑक्टोबर १९५१ मध्ये २८ वर्षांच्या मार्सियानोनं ३७ वर्षांच्या जो लुईला आठव्या फेरीत पाडलं. लुई करांच्या थकबाकीपायी परत उतरला होता. या लढतीवरून भरातला लुई मार्सियानोपुढे हरला असता असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. १९८८ मध्ये टायसननं ३८ वर्षांच्या होम्सला हरवलं, तिथंही तेच.

पण ५ नोव्हेंबर १९९४ ची लास वेगासची रात्र वेगळी. फोरमन ४५ वर्षांचा, समोर २६ वर्षांचा जगज्जेता मायकेल मूरर. फोरमननं किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी वीस वर्षांनी पुन्हा घातली होती. आणि त्याच्या कोपऱ्यात उभा होता अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या मूररनं त्याला हवं तसं मारलं. तिन्ही परीक्षकांकडे फोरमन मागे होता. दहाव्या फेरीत एक आखूड, सरळ उजवा हनुवटीवर बसला आणि मूरर उठला नाही. पाय गेले, वेग गेला, वय गेलं, तरी ठोसा राहिला. काळाच्या पलीकडे काय टिकतं याचा याहून खरा पुरावा मला माहीत नाही.

मग अली की टायसन?

भाच्यानं शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. जोड लावणाऱ्यानं शेवटी हातात माती द्यायचीच असते.

१९६६ चा अली, १९८८ चा टायसन, पंधरा फेऱ्या, लांबचा कोपरा सक्तीचा. टायसनची घडण कस डिमाटो या वस्तादाची: हात गालाला चिकटवून, डोकं सतत हलवत आत शिरायचं. त्याच वस्तादानं आधी फ्लॉइड पॅटरसनला घडवलं होतं, आणि अलीनं पॅटरसनला १९६५ मध्ये बाराव्या फेरीत थांबवलं. टायसन पॅटरसनहून कितीतरी दांडगा, हे मान्य. पण १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर हे दोघे मिठी मारत, लांबून मारत टायसनपुढे बारा फेऱ्या टिकले होते, आणि डग्लसनं लांब पल्ल्याच्या सरळ डाव्या ठोशानंच त्याचं काम केलं. अलीकडे हे सगळं होतं, शिवाय तसे पाय त्या दोघातिघांत कुणाकडेच नव्हते. डाव्या हुकनं अली पडायचा, १९६३ मध्ये हेन्री कूपरनं पाडला, १९७१ मध्ये फ्रेझरनं. दोन्ही वेळा उठला.

म्हणून मी म्हणालो, "पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या, त्यात अली एकदा तरी खाली बसेल. सहाव्यापासून टायसनचं डोकं हलायचं थांबेल. बाराव्या-तेराव्यात रेफरी लढत थांबवेल. अली."

भाचा म्हणाला, "आणि १९७१ चा अली असला तर?"

मी विचार करायला लागलो, तेवढ्यात हलगी वाजली आणि मोठ्या कुस्तीची जोड आखाड्यात आली.